गाडीत अग्निशामक ठेवताना: कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा आणि वेळ आली तर कसा वापरायचा

एक किलोचा अग्निशामक एका दमात दाबून धरला, तर साधारण ८ ते १० सेकंदांत रिकामा होतो. दोन किलोचा त्याहून थोडाच जास्त चालतो. बॉनेटखाली धरलेली आग मात्र काही मिनिटांत डॅशबोर्ड ओलांडून केबिनमध्ये येऊ शकते. म्हणजे हा डबा उपयोगी पडतो तो आगीच्या अगदी सुरुवातीला, आणि तेव्हाही तो चटकन हाताला लागला, भरलेला असला आणि चालवणाऱ्याने काय करायचं हे आधीच ठरवलेलं असलं तरच. डिकीत स्टेपनीखाली दाबलेला किंवा विकत आणल्यापासून खोक्यातून बाहेरच न काढलेला अग्निशामक असून नसल्यासारखा.

बेल्जियम, पोलंड, ग्रीस, रोमानिया अशा काही देशांत खासगी मोटारीतही अग्निशामक ठेवणं बंधनकारक आहे, बऱ्याच देशांत नाही. तुमच्याकडे नियम काय आहे ते बघाच. पण केवळ नियमापुरता घेतलेला डबा बहुधा सगळ्यात लहान आणि सगळ्यात गैरसोयीच्या जागी ठेवलेला असतो. म्हणून नियम बाजूला ठेवून, गाडीत खरोखर काय पेटतं इथून सुरुवात करू.

गाडीत काय पेटतं

चालत्या गाडीच्या आगीचा उगम बहुतेकदा इंजिनच्या कप्प्यात असतो. तिथे इंधन, तेल, वीज आणि उष्णता या चारही गोष्टी हातभर अंतरात असतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे नेहमीच्या हवामानात ते कायमच पेटायला तयार असतं. डिझेल ठिणगीला इतक्या सहज दाद देत नाही, पण कित्येक शे अंशांपर्यंत तापलेल्या एक्झॉस्टवर त्याची बारीक फवार पडली तर तेही ठिणगीशिवाय पेटतं. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि स्टीअरिंगचं तेल यांचंही तसंच. जुनी होऊन कडक पडलेली इंधनाची रबरी नळी, नीट न बसवलेलं ऑइलचं झाकण किंवा सर्व्हिसिंगनंतर इंजिनवर विसरलेली तेलकट चिंधी यांपैकी काहीही पुरेसं होतं.

दुसरं मोठं कारण वायरिंग. बाहेरून बसवलेले जादा दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांची वायर फ्यूज न घालता थेट बॅटरीला जोडलेली असेल, तर ती कुठेतरी पत्र्याला घासून शॉर्ट होण्याची वाट बघत असते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि बॅटरीचं सैल टर्मिनल हीसुद्धा नेहमीची कारणं. त्याखेरीज जाम झालेला ब्रेक चाक तापवतो, सुक्या गवतावर उभी केलेली गाडी तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) खालचं गवत पेटवू शकते, आणि उन्हात राहिलेली पॉवर बँक किंवा स्प्रेचा डबा केबिनमध्ये घात करतो.

अग्निशामकावर खर्च करायच्या आधी या गोष्टी तपासून घ्या. फ्यूजशिवाय ओढलेली एक वायर काढून टाकणं हे कुठल्याही डब्यापेक्षा मोठं काम आहे.

कोणता घ्यायचा

गाडीत द्रव इंधनाची, वायरिंगची आणि सीट, गालिचा, प्लास्टिक यांची अशा तिन्ही प्रकारच्या आगी लागू शकतात, आणि बऱ्याचदा एकातून दुसरी लागते. म्हणून सामान्य मोटारीसाठी माझी पसंती एबीसी पावडरलाच (ही अक्षरं आगीच्या प्रकारांची: ‘ए’ म्हणजे घन वस्तूंची, ‘बी’ म्हणजे द्रवाची, ‘सी’बद्दल पुढे). त्यात मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडतं, आणि जळत्या घन वस्तूवर पडलं की वितळून तिच्यावर एक थर धरतं, त्यामुळे खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही. बीसी पावडरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असतं. ती पेट्रोलच्या ज्वाळा छान मारते, पण सीटच्या फोमवर असा थर धरत नाही, आणि विझलेली वाटणारी सीट पुन्हा धुमसू लागते.

कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मागे काहीच घाण ठेवत नाही म्हणून पुष्कळांना आवडतो. गाडीसाठी तो घेऊ नका. उघड्यावर वाऱ्याने वायू उडून जातो, तापलेला धातू थंड न झाल्याने आग परत पेटते, आणि बंद केबिनमध्ये सोडला तर आतल्या माणसाचा श्वास कोंडतो. शिवाय त्याच्या आतला दाब तापमानाबरोबर भराभर वाढतो आणि तापलेल्या गाडीत त्याची सुरक्षा चकती फुटून सगळा वायू बाहेर पडू शकतो. फेसाचा अग्निशामक सांडलेल्या इंधनावर उत्तम, पण थंड प्रदेशात गोठणारा साधा फेस चालत नाही. क्लीन एजंट प्रकारचे, म्हणजे मागे काही न ठेवता उडून जाणारं द्रव्य असलेले डबे वायरिंगसाठी चांगले आणि पावडरसारखा राडा न करणारे, मात्र महाग असतात आणि त्यांचाही जोर वाऱ्यात ओसरतो.

हल्ली कांडीसारखे दिसणारे एरोसोल अग्निशामक मिळतात. त्यात दाब नसतो, वजन अगदी कमी, आणि ते पावडरच्या डब्यापेक्षा बराच जास्त वेळ चालतात. बंद कप्प्यातल्या आगीवर ते खरंच प्रभावी आहेत. पण वाऱ्यात त्यांचा धूर पांगतो, तोंडाशी ते खूप तापतात, आणि सुरू करायची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. पावडरच्या जोडीला दुसरा म्हणून ठेवायला हरकत नाही, एकटा मात्र नको. हाताच्या पंजाएवढ्या स्प्रेच्या डब्यांवर तर मी अजिबात भिस्त ठेवणार नाही. त्यातलं द्रव्यच इतकं थोडं असतं की नेम धरेपर्यंत संपतं.

जुन्या गाडीबरोबर जुना अग्निशामक आला असेल तर त्यावर काय लिहिलंय ते वाचा. हॅलॉनचे डबे आग विझवण्यात फार चांगले होते, पण ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्यांचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबलं. त्याहून जुने पितळी पंप दिसायला सुंदर असतात आणि विंटेज गाड्यांत अजून भेटतात. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड असायचं, आणि ते आगीवर पडलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. असा पंप शोभेला ठेवायचा असेल तर आधी रिकामा करून घ्या, आणि तेही जाणकाराकडून.

किती मोठा, आणि लेबलवर काय वाचायचं

लहान मोटारीला किमान एक किलो पावडर. जागा असेल तर दोन किलो घ्या, कारण वाढलेल्या चार-पाच सेकंदांत एकदा चुकलेला नेम सुधारता येतो. त्याहून मोठा डबा केबिनमध्ये बसवणं अवघड, आणि जो नीट बसत नाही तो शेवटी डिकीत जातो.

लेबलवरची अक्षरं वाचताना एक घोटाळा होतो. युरोपीय पद्धतीत आणि तिच्यावर बेतलेल्या मानकांत ‘सी’ म्हणजे वायूची आग. अमेरिकी पद्धतीत ‘सी’ म्हणजे वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणाची आग. आकड्यांचंही तसंच. युरोपीय लेबलवर ‘३४ बी’ असेल तर चाचणीच्या तव्यात ३४ लिटर द्रव होतं असा अर्थ. अमेरिकी लेबलवरचा ‘१० बी’ हा सामान्य माणूस किती चौरस फुटांची द्रवाची आग विझवू शकेल याचा अंदाज. तेव्हा दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या डब्यांचे आकडे शेजारी ठेवून कुठला भारी हे ठरवू नका. एकाच पद्धतीतल्या दोन डब्यांत मोठा आकडा चांगला.

आणखी तीन गोष्टी खरेदीच्या वेळीच बघा. पहिली, दाब दाखवणारा गेज असलाच पाहिजे. दुसरी, झडप आणि दांडा धातूचे असावेत, प्लास्टिकचे नकोत. धातूची झडप असलेला डबा बहुधा पुन्हा भरता येतो. तिसरी, आणि गाडीच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे तापमानाची मर्यादा. काही डब्यांवर वरची मर्यादा ६० अंश सेल्सियस लिहिलेली असते, काहींवर फक्त ४९. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीची केबिन ५० अंश सहज ओलांडते आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. त्यामुळे ६० अंशांचाच घ्या, आणि तोही थेट ऊन पडणार नाही अशा जागी ठेवा.

लहान नळी असलेला डबा मिळाला तर तो घ्यावा. नोझल थेट झडपेवर असलं की अख्खा डबा वळवून नेम धरावा लागतो, आणि बॉनेटच्या फटीतून मारताना ते फार अडचणीचं होतं.

कुठे बसवायचा

या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जागा निवडण्याची माझी कसोटी साधी आहे: चालकाच्या सीटवर बसून, पट्टा लावलेला असताना, खाली न बघता हात पोचला पाहिजे. तिथे नाहीच जमलं तर निदान दार उघडून बाहेर उभं राहिल्यावर वाकून एका हालचालीत काढता आला पाहिजे.

बहुतेक गाड्यांत सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, आडवा. चालकाच्या बाजूपेक्षा शेजारच्या सीटखाली बसवलेला बरा, कारण चालकाच्या पायांशी ठेवलेला डबा सुटून घरंगळला तर ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकतो, आणि हा धोका आगीपेक्षा कितीतरी जवळचा आहे. शेजारच्या सीटखालून चालकाला हात घालता येईल अशा बेताने तो आतल्या बाजूला, म्हणजे गिअरच्या दिशेला, सरकवून बसवा. सीट पुढे-मागे करून, पार शेवटच्या टोकापर्यंत नेऊन बघा. सीटच्या तळाशी पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका. पिवळा रंग सहसा एअरबॅग आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेच्या जोडण्यांचा असतो, आणि कुणी बसलंय की नाही हे ओळखणारा सेन्सरही तिथेच असतो.

ब्रॅकेट धातूचं आणि खटक्याच्या पट्ट्याचं हवं. अग्निशामकाबरोबर येणारी प्लास्टिकची पकड भिंतीवर टांगायला ठीक, गाडीत नाही. नुसत्या वेल्क्रोच्या पट्टीवरही विसंबू नका. हिशोब करून बघा: ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जाते, आणि तो वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा असतो. दोन किलो पावडरचा डबा भरलेला साडेतीन किलोच्या आसपास भरतो. मागच्या काचेजवळच्या फळीवर सुटा ठेवलेला असा डबा पुढच्या माणसाच्या डोक्यामागे काय करेल ते वेगळं सांगायला नको. सुटा ठेवायचा असेल तर न ठेवलेला बरा.

आता ब्रॅकेट कशाला जोडायचं? गाडीच्या तळाला भोक पाडू नका. तळाच्या पत्र्याखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात, गालिच्याखालून वायरिंग जातं, आणि विजेवरच्या गाडीत तर तळाखाली जास्त व्होल्टेजची बॅटरीच असते. तिथे ड्रिल मारणं म्हणजे ज्याच्यासाठी अग्निशामक आणला तेच ओढवून घेणं. बऱ्याच गाड्यांसाठी सीटच्या बोल्टवर बसणारी पट्टी मिळते. ती लावताना सीटचा बोल्ट सैल करावा लागतो, आणि तो परत ठरलेल्या टॉर्कलाच, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोरालाच आवळला पाहिजे, कारण अपघातात सीट त्याच बोल्टवर टिकून असते. टॉर्क रेंच नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या.

डिकी ही वाईट जागा आहे. मागून धडक बसली की डिकीचं झाकण अडकतं, प्रवासात वर सामान असतं, आणि सीएनजीच्या गाडीत सिलेंडर तिथेच असतो. दाराचा कप्पा उथळ असतो, धडकेत डबा उसळून बाहेर येतो. एअरबॅग जिथून फुगते तिथे, म्हणजे डॅशबोर्डवर, दाराजवळच्या खांबांवर किंवा सीटच्या बाहेरच्या कडेला, काहीही बसवायचं नाही. मोठ्या गाडीत दोन डबे ठेवणार असाल तर दुसरा मागच्या बाजूच्या भिंतीला, सामान न काढता दिसेल असा.

बसवून झाला की गाडीतल्या प्रत्येकाला एकदा पट्टा उघडून तो बाहेर काढायला लावा. डोळे मिटूनही. धुराने भरलेल्या केबिनमध्ये दिसत नाही, फक्त चाचपता येतं.

देखभाल

महिन्यातून एकदा दोन मिनिटं द्या. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि तिचं सील जागेवर आहे का, नोझलमध्ये कोळ्याचं जाळं किंवा माती नाही ना, डब्यावर गंज किंवा पोचा नाही ना, एवढं बघायचं. गेजवर बोटाने हलकी टिचकी मारा. अडकलेला काटा कधी कधी तेव्हाच खरी जागा दाखवतो. उन्हात तापलेल्या गाडीत काटा वर गेलेला आणि कडक थंडीत खाली आलेला दिसेल, म्हणून तपासणी सकाळच्या गारव्यात, दर वेळी साधारण सारख्याच तापमानाला करा.

गाडीतल्या पावडरचा एक खास त्रास असतो. सततच्या थरथरीने ती तळाशी बसत जाते आणि तिचा गठ्ठा होतो. तेव्हा गेज हिरवा दाखवतो, पण दाबल्यावर नुसताच वायू बाहेर येतो. चांगल्या पावडरीला ओल लागू नये म्हणून सिलिकॉन चोळलेलं असतं, तरी दर महिन्याला ब्रॅकेटमधून काढून डबा उलटा धरावा आणि कानाशी नेऊन हलवावा. आत वाळू सरकल्यासारखी जाणीव झाली की ठीक. एकदम धप्प करून गोळा पडल्यासारखं वाटलं किंवा काहीच हललं नाही, तर उलटा धरूनच तळाला तळहाताने चापट्या मारा आणि पुन्हा बघा. तरीही मोकळी होत नसेल तर डबा भरणाऱ्याकडे द्या.

वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी, आणि लेबलवर दिलेल्या मुदतीला पावडर बदलणं व दाबाची चाचणी, हे टाळू नका. चालतो का बघू म्हणून जरासा दाबून पाहण्याचा मोह तर मुळीच नको. पावडरचे कण झडपेच्या खाचेत अडकतात, ती पूर्ण मिटत नाही, आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत सगळा दाब हळूहळू निघून जातो. एक क्षणभर दाबलेला अग्निशामकही वापरलेलाच समजायचा.

आग लागली तर

सुरुवात बहुधा वासाने होते: प्लास्टिक जळल्याचा, पेट्रोलचा किंवा तेल करपल्याचा. डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकणं, एखादं उपकरण अचानक बंद पडणं हीसुद्धा खूण. बॉनेटमधून पांढरी वाफ येत असेल, वास गोडसर असेल, तापमानाचा काटा वर असेल आणि वाफ हवेत लगेच विरत असेल, तर बहुतेक ती कूलंटची वाफ असते. तिच्यावर पावडर मारण्यात अर्थ नाही, आणि रेडिएटरचं झाकण तर उघडायचंच नाही. धूर काळा किंवा करडा, रेंगाळणारा आणि घशाला झोंबणारा असेल तर आग धरून चला.

गाडी रस्त्याच्या कडेला, सुकं गवत आणि इतर वाहनांपासून दूर घ्या. बोगद्यात असाल आणि गाडी चालत असेल तर शक्यतो बाहेर काढा. इंजिन बंद करा. त्याने इंधनाचा पंप आणि पंख्याचा वारा थांबतो. हँडब्रेक ओढा. सगळ्यांना उतरवा, आधी मुलं आणि वृद्ध, आणि त्यांना किमान ३० मीटर लांब, रहदारीपासून दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं करा. सामानासाठी कुणीही परत यायचं नाही. अग्निशमन दलाला फोन दुसऱ्या कुणाला तरी लगेच करायला सांगा. आग विझेल असं वाटत असलं तरी फोन आधी. गाडीत एकटेच असाल तर फोन लावून, स्पीकर चालू करून खिशात टाका.

आता ठरवायचं की लढायचं की नाही. मी चारच प्रश्न विचारेन. सगळे बाहेर आले का? आग अजून एका जागीच आहे का? माझ्या पाठीशी पळायला मोकळी वाट आहे का? वारा माझ्या पाठीकडून आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर डबा हातात घेऊनसुद्धा मागे फिरा. कुणी आत अडकलं असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पावडर ज्वाळा आणि त्या माणसाच्या मधे मारायची, त्याला बाहेर काढण्यापुरता वेळ मिळवायला. पट्टा कापायचं आणि काच फोडायचं अवजार म्हणूनच अग्निशामकाच्या शेजारी असावं. मात्र काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेल्या) असतात आणि त्या हातोडीने तडकल्या तरी गळून पडत नाहीत, हे आपल्या गाडीपुरतं आधीच बघून ठेवा.

जवळ जाताना गाडीच्या नेमकं समोरून किंवा मागून जाऊ नका. बॉनेट आणि डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे तापले की फुटून भाल्यासारखे सुटू शकतात, काही बंपरमध्येही असे दांडे असतात. शिवाय वायरी जळून गाडी पुढे सरकण्याची शक्यता असते. कोपऱ्याच्या दिशेने, तिरके जा. कुणाच्या हाती लागला तर चाकाला दगड लावा.

बॉनेटखालची आग

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती बॉनेट सताड उघडण्याची. बंद कप्प्यात हवा कमी असल्याने आग दबलेली असते. झाकण उघडताच हवा आत घुसते आणि भडका थेट तोंडावर येतो. केबिनमध्ये धूर नसेल आणि उतरता उतरता जमत असेल, तर आतला खटका ओढून ठेवा. बॉनेट बोटभर वर येतं आणि पुढच्या दुसऱ्या कडीवर अडकून राहतं. तेवढीच फट पुरे. ती कडी सोडवायला उघड्या हाताने जाऊ नका, पत्रा तापलेला असतो.

पिन पिळून ओढून काढा, पिळल्याने सील तुटतं. दांडा दाबून ठेवूनच पिन ओढायला गेलं तर ती अडकते, त्यामुळे डबा खालून किंवा मानेपाशी धरा. दोनेक मीटरवरून आधी एक छोटा फवारा मारून नेम आणि वारा बघा, मग नोझल फटीपाशी नेऊन आत मारा. फट नसेल तर पुढच्या जाळीतून, चाकाच्या वरच्या पोकळीतून किंवा खालून. ज्वाळांच्या शेंड्यावर मारून पावडर वाया जाते. बुडावर मारायचं, आणि नोझल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. बंद कप्प्यात पावडरचा ढग कोंडून राहतो, आणि तीच आपली जमेची बाजू आहे.

ज्वाळा गेल्या की लगेच बॉनेट उघडून बघू नका. मागे सरून थांबा, नोझल रोखलेलंच ठेवा. तापलेल्या एक्झॉस्टवर इंधन पडत असेल तर पुन्हा पेट घेतं. डबा संपला आणि आग उरली, तर तिथेच लढाई सोडायची.

केबिनमध्ये डॅशबोर्डखालची वायर जळत असेल तर बाहेर उभं राहून, दार अर्धंच उघडून मारा. आत बसून पावडर मारली तर क्षणात काही दिसत नाही आणि श्वास घेता येत नाही. जळणाऱ्या फोम आणि प्लास्टिकच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं, त्यामुळे तोंडावर रुमाल बांधून आत शिरणं उपयोगाचं नाही. चाकाची आग वेगळीच: टायर फुटू शकतो, म्हणून त्याच्या बाजूसमोर उभं न राहता पुढून किंवा मागून तिरकं, लांबून मारायचं. टायर एकदा नीट पेटला की लहान डब्याने विझत नाही.

सीएनजी आणि विजेवरची गाडी

सीएनजीचा सिलेंडर भरलेला असताना साधारण २०० बार दाबाखाली असतो. आग इंजिनकडे असेल आणि हात पोचत असेल तर सिलेंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. आग सिलेंडरजवळ असेल तर गाडी सोडून लांब जा. गळत्या वायूची ज्वाळा, पुरवठा तोडता येत नसेल तर, विझवायची नसते. विझवली तर वायू तसाच गळत राहून साठतो आणि मग एकदम स्फोट होतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, एलपीजी जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात किंवा तळघरात साचतो. तिथली ठिणगी लांबूनही पुरते.

विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीतली १२ व्होल्टची वायर किंवा सीट पेटली तर पावडर नेहमीसारखी चालते. पण मुख्य बॅटरी तापू लागली, म्हणजे गाडीच्या तळाकडून फुस्स किंवा तडतड आवाज, पांढरट-करडी दाट वाफ आणि उग्र वास येऊ लागला, की अग्निशामकाला हात लावू नका. ती उष्णता सेलच्या आत तयार होते, पावडर तिथवर पोचतच नाही. वाफ विषारी आणि पेटणारी असते. लांब जा, आणि फोनवर गाडी विजेवरची आहे हे आवर्जून सांगा. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि विझल्यावर काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही ती परत पेटू शकते. त्यामुळे अशी गाडी नंतर घरात, पार्किंगमध्ये किंवा दुसऱ्या वाहनाला खेटून उभी करायची नाही.

आग विझल्यावर

गाडी सुरू करून बघू नका, चालवत नेऊ नका. अग्निशमन दलाला येऊ द्या आणि आतपर्यंत तपासू द्या. सगळं थंड झाल्यावर जाणकाराने बॅटरीचं टर्मिनल काढावं, आणि गाडी ओढून न्यावी. धूर घशात गेला असेल, खोकला किंवा डोकेदुखी असेल, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

पावडर मागे राहू देऊ नका. एबीसी पावडर ओल लागली की आम्लधर्मी होते आणि वायरिंगच्या जोडण्या, ॲल्युमिनियम आणि उघडा धातू खाते. आधी कोरडी असतानाच झटकून आणि बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढून काढायची, मग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. इंजिनच्या कप्प्यातलं काम गॅरेजमध्येच, आणि पाण्याचा फवारा मारण्याआधी त्यांना पावडर पडल्याचं सांगा.

विमा असेल तर फोटो काढून ठेवा, आणि रिकामा डबा दाखवायला लागू शकतो म्हणून लगेच टाकून देऊ नका. मग तो भरायला द्या. डब्याला आग लागली असेल, रंग करपला असेल किंवा प्लास्टिकचे भाग वितळले असतील, तर तो भरून पुन्हा वापरायचा नाही, नवीन घ्यायचा. भरून येईपर्यंतच्या दिवसांसाठी दुसरा डबा त्याच ब्रॅकेटमध्ये बसतो का ते बघून घ्या. वेगळ्या जाडीचा असेल तर पट्टा सैल पडतो, आणि त्यासाठी ब्रॅकेटही बदलावं लागतं.